मधल्या खोलीतला पंच

१

लढाई जिंकतो तो, ज्याला दुसरा कुठे आहे हे आधी कळतं. हे माझं स्वतःचं मत आहे, कुठे वाचलेलं नाही, आणि माझी मतं सहसा बरोबर निघतात. म्हणूनच दर रविवारी सकाळी आमच्याकडे जो खेळ चाले, त्यात दोन्ही सेनापतींना एकमेकांचं काही म्हणजे काही दिसत नसे.

कोथरूडचा आमचा फ्लॅट असा: पुढे हॉल, मग मधली खोली, मग बेडरूम, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. एक सेनापती हॉलमध्ये बसे आणि दुसरा बेडरूममध्ये, माझ्या बायकोच्या आरशाच्या टेबलापाशी. दोघांपुढे एकेक नकाशा, त्यावर फक्त नद्या, घाट आणि गावं. खऱ्या फौजा मधल्या खोलीतल्या मोठ्या फळीवर. तिथे पाऊल टाकायची परवानगी एकट्या पंचाला. सेनापती हुकूम सांगणार, पंच आत येऊन त्याप्रमाणे फौजा हलवणार, आणि ज्याच्या टेहळ्यांना जेवढं दिसलं असतं तेवढंच त्याला जाऊन सांगणार. पंच अर्थातच मी. सगळं दिसत असताना गप्प बसायला जी अक्कल लागते ती सगळ्यांकडे नसते.

फौजा म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं. दिवाळी उलटली की कुंभारवाड्यात उरलासुरला माल असतो, तो मी गोणीभर आणून ठेवी. घोडेस्वार, भालदार, हत्ती भरपूर. तोफा मात्र कधीच पुरत नसत, म्हणून आमच्या तोफखान्यात भाजीवाल्या होत्या. टोपली घेऊन बसलेल्या त्या बायांनी एकदा गोदावरीच्या काठी बाजीरावाची अख्खी तुकडी कापून काढली होती, तेव्हा हसायचं काम नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही पालखेडची मोहीम मांडली होती. पानिपत सगळेच खेळतात आणि सगळेच रडतात. पालखेडला रडायचं काही नाही. महिनोन्‌महिने दोन फौजा एकमेकींना हुलकावण्या देत फिरतात, आणि शेवटी एकाच्या ध्यानात येतं की आपल्याकडे पाणी नाही. निजाम व्हायचे हिंदुराव, लष्करी भांडारातून निवृत्त झालेले, वाघोलीहून बस बदलत येणारे. बाजीराव व्हायचा प्रज्ञेश, मूळचा नागपूरचा, आमच्या मागच्या सोसायटीत राहणारा. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक बंद पडणार, या भीतीवर तेव्हा पुण्यातल्या निम्म्या पोरांना नोकऱ्या लागल्या होत्या. त्यातलाच हा एक, पण हुशार.

आणि चौथी भाग्यश्री, माझी बायको. ती खेळत नसे. तिला बँकेत बढती मिळाली होती, शाखेची मॅनेजर म्हणून, पण अमरावतीला. तिचं माहेर तिकडचंच. होकार की नकार ते महिनाअखेर कळवायचं होतं. माझ्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना निघालेली होती, म्हणजे मनात आणलं तर मला जाता आलं असतं. पण पुणं सोडून माणूस जातो कुठे? ती विषय काढी आणि मी म्हणे, खेळ झाल्यावर बोलू. एकदा पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नाहीत तर मी एकटी जाईन. आणि एकदा एकटी गेले की मग एकटीच राहीन, हे लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. बोललो मात्र नाही.

२

पहिला प्रकार अगदी साधा झाला. प्रज्ञेशचे स्वार घाट उतरून नदीकडे वळले होते. मी फळीवर घोडे सरकवले, हिंदुरावांच्या टेहळ्यांना तिथून काय दिसेल याचा नीट विचार केला आणि बेडरूममध्ये गेलो.

"हिंदुराव, घाटाच्या पायथ्याला धुरळा दिसतोय. स्वार असावेत. किती ते सांगता येत नाही."

हिंदुरावांनी नकाशावरून नजर उचलली नाही. "ते मघाशीच सांगितलंत की. म्होरलं काय हाय ते बोला."

"मघाशी कधी?"

"आत्ता गेलात ते काय. च्या प्यायलात काय पंच, का दुसरं काही?"

मी पाहिलं. त्यांच्या नकाशावर घाटाच्या पायथ्याला पेन्सिलीने गोल केलेला होता आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात 'धुरळा' लिहिलेलं होतं. अगदी बरोबर जागी, आणि मी सांगायच्या आधी.

मी हसलो आणि परत आलो. पंचेचाळिशीला माणूस डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो. सांगून आलो असेन आणि विसरलो असेन. दिलेली बातमी नियमाला धरून होती, जास्त नाही, कमी नाही. मी दिली असती तशीच. चूक काढायला जागाच नव्हती, आणि चूक काढायला जागा नसली की मला करमत नाही.

दुपारपर्यंत असं आणखी एकदा झालं, या वेळी हॉलमध्ये. प्रज्ञेश म्हणाला, "सर, हे रिपीट झालं." मी म्हटलं, नीट ऐकलंस की नाही ते बघत होतो. अशी उत्तरं मला चटकन सुचतात.

३

पुढच्या रविवारी मी त्यांची गंमत करायची ठरवली. माझा तर्क सरळ होता. दोघे मिळून माझी फिरकी घेतायत. मी फळीवर काय केलं ते दाराच्या फटीतून कोणीतरी बघतं, दुसऱ्याला खुणावतं आणि मग दोघे साळसूदपणे 'मघाशीच सांगितलंत' म्हणतात. हिंदुराव त्यातले होतेच.

तेव्हा मी एक गोष्ट फळीवर मांडलीच नाही. नुसती मनात ठरवली. बाजीरावाच्या वाटेवर एक विहीर होती, ती आटलेली आहे असं धरायचं. त्याचे लोक तिथे पोचले की सांगायचं, तोवर ब्र काढायचा नाही. लिहिलं नाही, खूण केली नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत.

त्याचे घोडे विहिरीपासून एका मुक्कामावर आले, तेव्हा मी हॉलमध्ये गेलो. प्रज्ञेश पट्टी घेऊन नकाशावर नवी रेघ मारत होता, विहिरीला वळसा घालून.

"का रे, वाट वाकडी का केलीस?"

"सर, तुम्हीच म्हणालात ना, विहीर ड्राय आहे. टेहळे पुढे गेले होते."

"मी म्हणालो?"

"आत्ता. इथे उभे राहून." त्याने खिडकीजवळची जागा दाखवली. "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मी त्याला ओळखतो, थट्टा करताना त्याचे कान लाल होतात. ते तसे झाले नव्हते.

मी बोळात आलो. समोर स्वयंपाकघरातून भाग्यश्रीचा आवाज आला. कोणाशी तरी बोलत होती, मध्येच थांबत होती आणि पुन्हा बोलत होती. मी टोकाशी गेलो तर ती एकटीच, गॅसपाशी.

"कोणाशी बोलतेस?"

ती वळली आणि माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "म्हणजे? आत्ता तर इथे होतात. जा, पोहे आणते, तुमचे सेनापती उपाशी असतील."

ओट्यावर नारळाची अर्धी वाटी होती, खवलेली. खोबऱ्याचा पांढरा ढीग ताटलीत. "एवढं खोबरं तू खवलंस?" मी विचारलं.

"वा! स्वतः खवून दिलंत आणि मला विचारता?" आणि ती हसली. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत मी खवणीला हात लावलेला नाही. मला ती उघडता तरी येते की नाही शंका आहे. मी मधल्या खोलीत आलो, दिव्याखाली हात धरले आणि नखं तपासली. खोबऱ्याचा एक कण नव्हता.

४

माणसं गेल्यावर दुपारच्या वेळी भाग्यश्री माझ्याशेजारी येऊन बसली. ती तशी बसत नाही. आमचं संभाषण बहुधा ती एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत असं चालतं.

"काहून इतके दिवस ताणलंत?" ती म्हणाली.

'काहून' हा तिचा माहेरचा शब्द. फार रागावली किंवा फार खूश झाली की तोंडात येतो. रागावल्यावर मी तो पुष्कळदा ऐकला होता. खुशीतला ऐकून किती काळ लोटला असेल, मला आठवेना.

"काय ताणलं?"

"हेच. सरळ सांगायचं की, मनातून तयार आहात म्हणून. स्वेच्छानिवृत्ती घेतो, बरोबर येतो, तिकडे कॉलेजात काही शिकवायला मिळालं तर बघू. एवढंच तर होतं. मी उगाच रात्र रात्र जागून काढली." तिने माझा दंड धरला. "आणि तुम्ही विचारलंत ना, मला तिथे परत जायची भीती वाटते का म्हणून, ते मला फार बरं वाटलं. कोणी विचारलंच नव्हतं."

आता इथे मी बोलायला हवं होतं. शब्द तयार होते: भाग्यश्री, तो मी नव्हतो. पण एकदा मोठ्याने म्हणून बघा हे वाक्य. तिने एकतर मला डॉक्टरकडे नेलं असतं, नाहीतर दिलेला शब्द फिरवायला काढलेली पळवाट म्हणून कायमचं तोंड फिरवलं असतं. शिवाय तिचा चेहरा. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला होता की म्हटलं, आज असू दे.

मला भीती वाटली ती तेव्हा. आपल्या घरात कोणी माझ्या आवाजात फिरतंय याची वाटायला हवी होती, पण ती नाही. तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतोय, याची. आणि मत्सर वाटला. असा कडकडीत मत्सर मला शाळेत पहिला नंबर गेला तेव्हासुद्धा वाटला नव्हता.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचाराला लागलो. पंचाला खोल्याखोल्यांतून फिरावं लागतं, म्हणून त्याच्या नावावर कोणीही फिरू शकतं. पंच फिरलाच नाही तर?

५

प्रज्ञेश तर कधीपासून मागे लागला होता. तो घरी संगणकावर लढाया खेळे. म्हणायचा, "सर, त्यात पंच मशीनच असतं. जिथे आपली माणसं पोचली नाहीत तिथे मॅप काळा. माणूस पोचला की उजळतो, माणूस मेला की परत काळा. आणि मशीन दमत नाही, चहा मागत नाही." मी त्याला नेहमी उडवून लावी. या वेळी हो म्हटलं, तर त्याचाच विश्वास बसेना.

मधल्या खोलीत माझा संगणक होताच. प्रज्ञेशने आपला आणि आपल्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पोराचा असे दोन रिक्षातून आणले. संगणकांचे पडदे मांडीवर घेऊन बसला होता, लेकरं घेतल्यासारखा. एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. बोळातून वायर टाकून तिला चिकटपट्टी लावली. त्याने आठवडाभर खपून प्रोग्राम लिहिला होता. सेनापतींच्या पडद्यावर त्यांच्या टेहळ्यांपुरता उजेड, बाकी काळोख. पंचाच्या पडद्यावर सगळं. हुकूम टाइप करायचा, बातमी टाइप होऊन यायची. जागेवरून उठायचं कामच नाही.

"ह्या डब्यात निजाम बसवनार?" हिंदुराव म्हणाले. पण खुर्ची ओढून बसले आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागले.

"आणखी एक," मी म्हटलं. "खेळ सुरू झाला की मधल्या खोलीला बाहेरून कडी घाला. पंच आत म्हणजे आत. नंतर कोणाची तक्रार नको."

"कोंडून घेताय व्हय?" हिंदुरावांना आनंद झाला. "भांडार सोडल्यापास्नं कशाला कडीकुलूप घालाय मिळालं नव्हतं."

भाग्यश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिला बँकेला उत्तर द्यायचं होतं. आठवडाभर ती गुणगुणत होती आणि आठवडाभर मी काही बोललो नव्हतो. माझी योजना पक्की होती. आज सिद्ध होईल की आत मी आहे आणि बाहेर कोणी नाही, मग जे काय झालं ते डोक्याचा शीण. मग दुपारी निवांत बसून तिला समजावायचं. मला समजावता येतं.

"जेवायला मी उघडते दार," ती म्हणाली. "लवकर आटपा."

हिंदुरावांनी कडी घातली. मी आतून दार ओढून पाहिलं, पक्कं होतं. खुर्चीत बसलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

६

सुरुवात झकास झाली. हुकूम येत, मी फळीवर चित्रं हलवी, पडद्यावर ठिपके हलवी, आणि बातमी टाइप करी. बाहेर कोणी बोलत नव्हतं. फक्त दोन खोल्यांतून कळा दाबल्याचा आवाज, हॉलमधून पावसाच्या सरीसारखा, बेडरूममधून नळ गळल्यासारखा.

मग बोळात पावलं वाजली.

घरातल्या घरात घालायची रबरी चप्पल होती. एक पाऊल जरा घासत टाकलेलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं. चप्पल माझ्या पायात होती, उजवीची टाच आतून झिजलेली. पावलं हॉलकडे गेली. कोणीतरी घसा खाकरला, आत शिरण्याआधी मी खाकरतो तसा. बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. पावलं परत फिरली, दारासमोरून गेली आणि बेडरूमकडे वळली.

हिंदुराव असतील, मी स्वतःला सांगितलं. म्हातारे लघवीला उठले असतील. पण बेडरूममधला नळ गळतच होता, एकेक अक्षर.

पडद्यावर प्रज्ञेशची ओळ उमटली. तो इंग्रजी लिपीत मराठी लिही. 'सर, थँक्स. पण स्वतः यायची गरज नव्हती, टाइप केलं असतं तरी चाललं असतं.'

मी लिहिलं, 'दाराला कडी आहे का बघ.'

'आहे ना सर. आत्ता तुम्हीच ओढून दाखवलीत.'

मी लिहिलं, 'तो मी नाही. मी आत आहे.'

मग हिंदुरावांच्या खोलीतून दोन शब्द आले. 'आत कोन.'

मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो, कारण नकाशा बदलत होता. पडद्याच्या कडा काळ्या पडत होत्या. आधी खानदेश गेला, मग औरंगाबादकडचा भाग, मग गोदावरीचा वरचा काठ. पंचाच्या पडद्यावर काळोख यायचं काही कारण नव्हतं. प्रोग्रामात चूक, पोराने घाईत काहीतरी उलटसुलट केलं, हे मला लगेच कळलं. मी कळा दाबल्या, यंत्र बंद करून चालू केलं. उजेड राहिला तो मधोमध, बोटभर जागेपुरता. त्यात ना घोडा, ना हत्ती. एकच ठिपका.

म्हटलं, मरू दे, फळी तर आहे. मी फळीकडे वळलो. चित्रं जिथल्या तिथे होती. पण ती बरोबर जागी आहेत की नाही, हे मला आता सांगता येईना. शेवटी हलवली तेव्हापासून बाहेर काय हुकूम सुटले, कोण कुठे गेलं, मला काय माहीत? कोणी सांगितलं तर कळणार.

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला, आणि त्यामागून भाग्यश्रीचं हसणं. मनापासूनचं, दम लागेपर्यंत. "काहून हो," ती म्हणत होती, "काहून हसवता? हातातलं भांडं पडेल ना!"

मी दाराला कान लावून उभा राहिलो. बोलणारा हलक्या आवाजात बोलत होता, शब्द कळत नव्हते. तिचे कळत होते. तिथल्या घराला अंगण असावं असं ती सांगत होती. संत्र्याची दोन झाडं लावू, म्हणाली. थंडीत गच्चीवर बसू. हे सगळं ती मला कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल, मी दुसऱ्या खोलीत असताना. ऐकता ऐकता मला ते अंगण इतकं स्पष्ट दिसायला लागलं की पुण्याचं काय, कशाचंच काही वाटेना. जावं की. बायको हसतेय, अंगण आहे, संत्री आहेत. जायचं. एवढी साधी गोष्ट ठरवायला मला बंद दार लागलं, याचं मला हसूही आलं.

आणि मी दार वाजवलं.

७

पहिल्यांदा शांतपणे, बोटाच्या पेराने. मग मुठीने.

"भाग्यश्री! कडी काढ. मला बोलायचंय तुझ्याशी. आत्ता."

बाहेरचं बोलणं थांबलं. कळांचे आवाजही थांबले. तिची पावलं बोळातून आली आणि दाराच्या पलीकडे थांबली. तिच्या हाताला येणारा फोडणीचा वास मला आतपर्यंत येत होता.

"अहो," ती म्हणाली. मी "हो" म्हणणार तेवढ्यात लक्षात आलं की तिचं तोंड दाराकडे नाही. आवाज बोळाकडे वळलेला होता. "अहो, इकडे या जरा. आत काहीतरी वाजतंय."

घासत येणारी पावलं आली.

"वाजू दे," माझा आवाज म्हणाला. इतका निश्चिंत, इतका खात्रीचा. मी तसाच बोलतो.

"उंदीर असेल. तुमची ती मातीची चित्रं फोडून ठेवील. बघा तरी."

कडी सरकली. दार वीतभर उघडलं. मला एक खांदा दिसला, सकाळी मी अंगात घातला तो चौकड्यांचा सदरा. बाहीला हळदीचा डाग लागलेला. माझ्या बाहीला नव्हता. त्याच्यावर मान वळलेली होती, तिच्याकडे, त्यामुळे चेहरा दिसला नाही. तो दिसला नाही याबद्दल मी आजही कोणाचे आभार मानायचे ते मानतो.

पण त्या खांद्यावरून भाग्यश्री दिसली. ती टाचा उंचावून आत बघत होती. तिची नजर फळीवरून फिरली, संगणकावरून फिरली, खुर्चीवर आली. मी दारापासून हातभर अंतरावर उभा होतो. ती नजर माझ्यावरून गेली. अडखळली नाही, थांबली नाही. सामान न्यायला आलेला माणूस रिकामी खोली एकदा बघून घेतो, तशी गेली.

"भाग्यश्री," मी म्हणालो. "मी येतो तुझ्याबरोबर. ऐकतेस ना? मी येतो."

ती डोळे बारीक करून क्षणभर काहीतरी ऐकल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "कोणी नाही की." आणि हात पुढे करून तिनेच दार ओढून घेतलं. कडी पुन्हा बसली. तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली, आणि तिकडून तिने सगळ्यांना हाक मारली, पानं घेतली आहेत म्हणून.

हॉलमधली खुर्ची सरकली. बेडरूममधून हिंदुराव खोकत बाहेर पडले. "निजामाला पानी पाजा आधी," म्हणाले, आणि सगळे हसले.

एक माणूस मात्र दारापाशी थांबला होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. घसा खाकरून तो अगदी अदबीने, नियमाला धरून बोलू लागला. दोन्ही सेनापती जेवायला बसले आहेत. बाई आनंदात आहेत. बँकेला उद्या होकार जाईल. खोलीच्या पलीकडचं यापेक्षा जास्त तुम्हाला दिसत नाही.

मग त्याने विचारलं, "हुकूम?"

मी खुर्चीत बसलो. डोकं ठिकाणावर होतं. काय सांगायचं ते मला पक्कं माहीत होतं, आयुष्यात इतकी खात्री मला कशाचीच नव्हती.

"तिला सांग," मी म्हणालो, "मी तिच्याबरोबर येतो म्हणून."

"ते सांगून झालंय," तो म्हणाला, आणि जेवायला गेला.